गाडीतील वाटाड्या यंत्र: घ्यावे की न घ्यावे?

शेतात माल पिकविणे हे शेतकऱ्याच्या कामाचे अर्धे अंग होय; तो माल चांगल्या स्थितीत व वेळेवर बाजारपेठेत पोचविणे हे दुसरे अर्धे अंग होय. टोमॅटो, पालेभाज्या, फुले, द्राक्षे यांसारखा नाशवंत माल वाटेत दोन तास अधिक राहिला, तरी त्याच्या भावात फरक पडतो. म्हणूनच अलीकडे पुष्कळ शेतकरी भाड्याच्या गाडीवर अवलंबून न राहता स्वतःची किंवा गटाची मालवाहू गाडी घेऊ लागले आहेत. गाडी घेताना विक्रेता एकाच गाडीचे तीन-चार प्रकार दाखवितो. त्यांतील वरच्या प्रकारात समोर मोठा पडदा असतो, त्यावर नकाशा दिसतो आणि कोठे वळावयाचे ते यंत्र बोलून सांगते. या सोयीला ‘नेव्हिगेशन’ असे म्हणतात; खेड्यातील भाषेत तो गाडीत बसविलेला वाटाड्याच होय. या वाटाड्यासाठी जे जादा पैसे मोजावे लागतात, ते वसूल होतात काय, हा प्रश्न गाडी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे येतो. त्याचे उत्तर हौसेने न देता हिशेबाने द्यावयास हवे.

यंत्राचे काम कसे चालते?

पृथ्वीभोवती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह अहोरात्र वेळेचे संकेत पाठवीत असतात. निरनिराळ्या उपग्रहांकडून आलेला संकेत किती वेळात पोचला, यावरून यंत्र आपले त्या त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. असे निदान चार उपग्रह ‘दिसले’ म्हणजे आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे यंत्राला कळते. रशिया, युरोप व चीन यांच्याही अशाच व्यवस्था आहेत. आपल्या देशात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने १ जुलै २०१३ रोजी या कामासाठी पहिला उपग्रह सोडला व या व्यवस्थेला २०१६ साली ‘नाविक’ असे नाव देण्यात आले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उपग्रहाचा संकेत घेण्यास मोबाइलची रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही व पैसेही पडत नाहीत. आकाश मोकळे असेल तर साध्या फोनलाही आपली जागा सुमारे तीन ते पाच मीटरच्या आत कळते. पैसे पडतात ते यंत्राचे, पडद्याचे आणि नकाशाचे. उपग्रह ‘तुम्ही कोठे आहात’ एवढेच सांगण्यास मदत करतात. ‘कोठून जावे’ हे नकाशा सांगतो. म्हणून वाटाड्या यंत्राची खरी किंमत त्याच्या नकाशात आहे.

गाडीत वाटाड्या बसविण्याची कल्पना उपग्रहांहूनही जुनी आहे. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने आपल्या मोटारीत असे एक यंत्र दिले होते. त्यात उपग्रहाचा संबंध नव्हता. वायूच्या झोतावर चालणाऱ्या दिशादर्शकाने गाडीची दिशा ओळखून ती पारदर्शक नकाशापटावर दाखविली जाई. पुढे १९९० साली माझदा कंपनीच्या मोटारीत उपग्रहांवर चालणारे अंगभूत यंत्र आले. त्या काळी खिशात मावणारा फोन हे काम करीत नव्हता. आज तो करतो, आणि म्हणूनच हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

तीन प्रकारचे वाटाडे

विक्रेत्याच्या बोलण्यात हे तीन प्रकार पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करून पाहावेत.

पहिला प्रकार अंगभूत यंत्राचा. यात नकाशा, संकेत घेणारा भाग व पडदा हे सर्व गाडीतच असते. दुसरा प्रकार असा की, पडदा गाडीचा पण नकाशा फोनचा. फोन गाडीला जोडला की फोनमधील नकाशा मोठ्या पडद्यावर दिसतो. अँड्रॉइड ऑटो व अ‍ॅपल कारप्ले या नावांनी ही सोय ओळखली जाते. तिसरा प्रकार सर्वांत साधा: फोन पकडणारा एक खटका समोर बसवावयाचा, त्यात फोन अडकवावयाचा व नकाशा पाहावयाचा.

याशिवाय चौथे एक यंत्र असते, पण ते वाटाड्या नव्हे. गाडी कोठे आहे हे मालकाला किंवा कार्यालयाला कळविणारे ते माग ठेवणारे यंत्र होय. ते वाट दाखवीत नाही. विक्रेता ‘जीपीएस आहे’ असे म्हणाला, तर कोणते यंत्र आहे हे आधी विचारून घ्यावे.

अंगभूत यंत्राचे गुणही निष्पक्षपणे सांगावयास हवेत. त्याला गाडीच्या चाकांचा वेग व वळणाची दिशा कळते. त्यामुळे बोगद्यात संकेत तुटला तरी ते अंदाजाने जागा दाखवीत राहते. फोन उन्हात तापतो व मध्येच बंद पडतो; अंगभूत यंत्राला ही बाधा कमी. त्याचा नकाशा गाडीतच साठविलेला असल्यास घाटात रेंज गेली तरी काम अडत नाही. फोन आला म्हणून नकाशा पडद्याआड जात नाही. चालक बदलला तरी यंत्र गाडीतच राहते.

परंतु यांतील बऱ्याच गोष्टी थोड्या काळजीने फोनकडूनही करून घेता येतात. निघण्यापूर्वी घरी किंवा गावात रेंज असताना लागणाऱ्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, तर वाटेत इंटरनेट नसतानाही तो चालतो. पुढे गाड्यांची कोंडी आहे की नाही ही ताजी बातमी मात्र इंटरनेटशिवाय कोणत्याच यंत्राला मिळत नाही, मग ते अंगभूत असो वा हातातले.

नकाशा शिळा होतो

बियाणे ज्याप्रमाणे जुने झाले की त्याची उगवण घटते, त्याप्रमाणे नकाशाही जुना झाला की त्याचा विश्वास घटतो. समृद्धी महामार्गाचे उदाहरण पाहावे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये, त्यापुढील इगतपुरीपर्यंतचा टप्पा मार्च २०२४ मध्ये व इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा रीतीने ७०१ किलोमीटरचा रस्ता अडीच वर्षांत चार वेळा ‘वाढला’. ज्या गाडीतील नकाशा २०२२ च्या मध्यानंतर ताजा केलेला नाही, त्या गाडीच्या वाटाड्याला हा रस्ताच माहीत नाही. विदर्भातून संत्री घेऊन मुंबईकडे निघालेल्या चालकाला तो जुन्याच वाटेने नेईल. आणि चालक नव्या रस्त्याला लागला, तर पडद्यावर गाडी शेतातून धावताना दिसेल.

फोनमधील नकाशा इंटरनेटवरून ताजा होत राहतो व त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. अंगभूत नकाशा ताजा करण्याची पद्धत कंपनीगणिक निरनिराळी असते: कोठे काही वर्षे मोफत, पुढे वार्षिक वर्गणी, कोठे गाडी कार्यशाळेत न्यावी लागते. गाडी दहा-पंधरा वर्षे चालते, यंत्र मात्र तितके टिकाऊ असेलच असे नाही. जीपीएसचा आठवडे मोजण्याचा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये असे झाले, तेव्हा वेळीच सुधारणा न केलेल्या काही जुन्या यंत्रांच्या तारखा चुकल्या. फोन जुना झाला की तो बदलता येतो. गाडीत जखडलेले यंत्र बदलणे तितके सोपे नाही.

एका कुटुंबाचा हिशेब

जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादक कुटुंबाचे उदाहरण कल्पून हा हिशेब मांडता येईल. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे त्यांच्या जागी घालावेत.

दोघा भावांनी मालवाहू गाडी कर्जाने घेण्याचे ठरविले. साधी गाडी व वाटाड्या यंत्र असलेली गाडी यांच्या किमतीत ६०,००० रुपयांचा फरक होता. धाकट्या भावाचे मन वरच्या गाडीकडे ओढत होते. तो म्हणाला, “दादा, एकदाच घ्यावयाची गाडी. मुंबईत वाट चुकली तर लिलाव हातचा जातो. यंत्र असलेलीच घेऊ.”

थोरल्याला हे पटतही होते आणि कर्जाची धास्तीही वाटत होती. घराचे जमाखर्चाचे वहीखाते वहिनी ठेवीत. त्यांनी विचारले, “भाऊजी, गेल्या वर्षी आपण माल घेऊन किती खेपा केल्या, आणि त्यांतल्या किती नव्या ठिकाणी केल्या, ते आधी पाहू या का?”

वही काढण्यात आली. वर्षात १४० खेपा झाल्या होत्या. त्यांपैकी १२४ खेपा नारायणगावचा बाजार, पुण्याचे गुलटेकडी व वाशीची बाजार समिती या तीन ठिकाणच्या होत्या. या वाटा दोघांना झोपेतही सापडाव्यात इतक्या परिचयाच्या होत्या. उरलेल्या १६ खेपा रोपवाटिका, नवे व्यापारी व लांबच्या बाजारपेठा यांच्या होत्या.

त्यानंतर खर्च मांडला. ६०,००० रुपये दरसाल १० टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडावयाचे, म्हणजे व्याजासह सुमारे ७६,५०० रुपये होतात. पहिली तीन वर्षे नकाशा मोफत व पुढील दोन वर्षे दरसाल २,५०० रुपये वर्गणी धरली, तर आणखी ५,०००. पाच वर्षांनी गाडी विकताना यंत्रामुळे १०,००० रुपये अधिक मिळतील असे धरून ते वजा केले. निव्वळ खर्च ७१,५०० रुपये. म्हणजे वर्षाला १४,३०० रुपये.

दुसऱ्या बाजूला गाडीसाठी वेगळा साधा फोन १०,००० रुपयांचा आणि तो अडकविण्याचा खटका व चार्जर मिळून १,५०० रुपये धरले. एकूण ११,५०० रुपये; म्हणजे वर्षाला २,३०० रुपये. फरक वर्षाला १२,००० रुपयांचा पडला.

आता हा फरक भरून निघण्यास काय व्हावयास हवे? वाट चुकल्यास सरासरी १० किलोमीटरचा फेरा पडतो व गाडीचा खर्च किलोमीटरला १२ रुपये येतो असे धरल्यास एका चुकीने १२० रुपये जातात. १२,००० रुपये वसूल होण्यास वर्षातून अशा १०० चुका टळावयास हव्यात. आणि त्याही अशा की ज्या फोनच्या नकाशाने टळल्या नसत्या. या कुटुंबाच्या नव्या ठिकाणच्या खेपाच मुळी १६.

थोरला भाऊ म्हणाला, “लिलाव हुकण्याची भीती खरी आहे. पण गेल्या वर्षी आपला लिलाव दोनदा हुकला, तो वाट चुकल्यामुळे नव्हे. रात्री निघायलाच उशीर झाला म्हणून.” धाकट्याने ते मान्य केले. त्यांनी साधी गाडी घेतली, फोनची सोय केली व वाचलेल्या पैशांतून प्लॅस्टिकचे क्रेट आणि चांगली ताडपत्री घेण्याचे ठरविले.

या उदाहरणातून शिकावयाचे ते असे: तुलना ‘यंत्र आणि काहीच नाही’ यांत करावयाची नसून ‘महाग यंत्र आणि स्वस्त यंत्र’ यांत करावयाची असते. विक्रेता पहिली तुलना पुढे ठेवतो. गिऱ्हाइकाने दुसरी करावी.

कोणाला ते परवडते?

याचा अर्थ अंगभूत यंत्र सर्वांनाच निरुपयोगी असा नाही. ज्या गटाची गाडी दररोज नव्या गिऱ्हाइकांच्या दारी माल पोचविते, जिच्यावर चालक वारंवार बदलतात, किंवा जी परराज्यांत लांबच्या खेपा करते, तिच्या बाबतीत हिशेब वेगळा पडू शकेल. तेथेही आधी दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे गाडीचा पडदा व फोनचा नकाशा यांचा विचार करावा.

कित्येकदा यंत्र वेगळे मिळत नाही. ते ज्या वरच्या प्रकारात असते त्यातच अपघातात संरक्षण देणाऱ्या हवेच्या जादा पिशव्या, चांगले दिवे अशा गोष्टीही असतात. त्या गोष्टी हव्या असतील, तर किमतीचा सर्व भार यंत्रावर टाकू नये. जीव वाचविणाऱ्या साधनावर केलेला खर्च हा वेगळ्या मापाने मोजावयाचा असतो. मात्र पडद्यासाठी पैसे आहेत आणि चांगल्या टायरसाठी नाहीत, अशी उलटी रीत कोणी करू नये.

ट्रॅक्टरवरील वाटाड्या

ट्रॅक्टर सरळ रेषेत चालावा यासाठीही उपग्रहांवर चालणारी यंत्रे मिळतात. त्यांचे काम निराळे व अधिक नाजूक असते. रस्त्यावर तीन ते पाच मीटरची चूक चालते. पेरणीच्या ओळीत ती चालत नाही. म्हणून या यंत्रांना जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्तीचा संकेत घ्यावा लागतो व त्यामुळे अचूकता दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत येते. हे काम साध्या फोनने होत नाही, व यंत्राची किंमतही त्या मानाने पुष्कळ असते.

लाभ खरा आहे. दोन मीटर रुंदीच्या अवजाराने काम करताना दर फेऱ्यात २० सेंटिमीटर पट्टा पुन्हा नांगरला गेला, तर रुंदीचा एक दशांश भाग वाया जातो. तितके डिझेल, वेळ, खत वा औषध फुकट जाते. परंतु हा लाभ क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट १.३४ हेक्टर होती. एवढ्या शेतासाठी एकट्याने हे यंत्र घेणे परवडणारे नाही. अवजारे बँक चालविणारा गट किंवा हंगामात शेकडो एकरांवर भाड्याने काम करणारा ट्रॅक्टरमालक यांनी त्याचा हिशेब जरूर करावा.

यंत्राला डोळे नाहीत

पैशांहून मोठा असा एक प्रश्न उरतो. जानेवारी २०२१ मध्ये त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी नकाशाच्या आधाराने निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलाकडे गेली व पाण्यात सापडून चालकाचा अंत झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीनजीक रामगंगा नदीवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. त्या पुलाचा भाग पूर्वीच पुरात वाहून गेला होता. यंत्राला रस्त्याची रेघ दिसते. रेघेवर पाणी आले आहे, दरड पडली आहे, पूल तुटला आहे हे त्याला कोणी कळविल्याखेरीज कळत नाही.

शिवाय आपली गाडी कोणती हेही त्याला ठाऊक नसते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, तिचाकी व ट्रॅक्टर यांना मनाई आहे. मोटारीसाठी केलेला नकाशा ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही तोच मार्ग दाखवू शकतो. भरलेल्या गाडीला न झेपणारा चढ, उसाच्या उंच ट्रॉलीला अडविणारा कमी उंचीचा रेल्वेपूल, पावसाळ्यात चिखल होणारी पाणंद, या गोष्टी गावच्या माणसालाच ठाऊक असतात. म्हणून पावसाळ्यात, रात्री व अनोळखी घाटात नकाशा एक साक्षीदार समजावा, न्यायाधीश समजू नये. वाटेवरच्या माणसाला थांबून विचारण्यात कमीपणा मानू नये.

चालकाने फोन हातात धरून नकाशा पाहू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे गाडी चालविताना हातातील फोनचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करण्यास मुभा आहे. ठिकाण घालावयाचे ते गाडी निघण्यापूर्वी घालावे, फोन खटक्यात अडकवावा व सूचना कानाने ऐकाव्यात.

गाडी घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. यंत्र नसलेली व असलेली गाडी यांच्या किमतीत नेमका फरक किती? कर्जाच्या व्याजासह तो किती होतो?

२. नकाशा गाडीतच साठविलेला आहे, की इंटरनेटवरून येतो? इंटरनेट कोणाच्या खर्चाने?

३. नकाशा किती वर्षे मोफत ताजा होईल व त्यापुढे वर्गणी किती? हे लेखी मिळेल काय?

४. यंत्र मराठीतून सूचना देते काय? गावाचे व वाडीचे नाव त्यात सापडते काय?

५. फोन जोडण्याची सोय खालच्या प्रकारात आहे काय?

६. पडदा बिघडल्यास दुरुस्ती कोठे होते व खर्च किती?

चौथ्या प्रश्नाची परीक्षा विक्रेत्याच्या दारातच घ्यावी. आपल्या वस्तीचे नाव यंत्रात घालून पाहावे. ज्याला आपले घर सापडत नाही, त्याच्यावर परक्या मुलखात किती विसंबावे हे ज्याने त्याने ठरवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना या कामी मोठी मदत करता येईल. गाडी घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना एकत्र बसवून त्यांच्या खेपांची नोंद मांडावी. नव्या वाटा किती व जुन्या किती हे काढून द्यावे. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवण्याची कृती गावातील तरुणांकडून दाखवावी. पावसाळ्यापूर्वी पाण्याखाली जाणाऱ्या पुलांची व बंद होणाऱ्या घाटांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ही यादी कोणत्याही महागड्या यंत्रात मिळत नाही, आणि तिच्यासाठी खडू व फळा एवढाच खर्च येतो.